उपाशी पेशींची साफसफाई

संध्याकाळी कप विसळताना हातातली बांगडी घसरून बेसिनमध्ये पडली. माझी लेक मीरा गेली तेव्हापासून मी रात्रीचं जेवण सोडलं होतं. तिच्या नावाने काहीतरी सोडायचं होतं. हडकलेलं मनगट पाहून मला बरं वाटलं. दुःख निदान डोळ्यांना दिसत तरी होतं.

शेजारी भाची उभी होती. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. "मावशी, अगदीच वाईट नाही हं हे," मला हसवायला म्हणून ती म्हणाली. "पोट रिकामं असलं की पेशी आतली साफसफाई काढतात. मोडकी प्रथिनं, झिजलेले भाग, सगळं पचवतात आणि त्यातूनच नवं घडवतात. दिवाळीची आवराआवरच समज."

मी बेसिनमधली बांगडी उचलली. ज्या शरीरात मीरा वाढली, त्यात तिच्या वेळचं काही झिजलेलं उरलं असेल, तर तेच मी रोज उपाशी राहून संपवत होते. हे कुणाचं, असं पेशी कुठे विचारते? मोडकं दिसलं की ती गिळते. मी जे व्रत म्हणून पाळलं, ते शरीराने झाडू म्हणून वापरलं.

"आणि जेवलं तर?"

"तर काम मंदावतं. थांबत मात्र नाही, मावशी."

मंदावतं, एवढंच मला पुरे होतं. मी ताट घेतलं, वरणभात वाढला. मीरासाठी म्हणून पहिला घास तोंडात घातला, आणि तो मला गोड लागला.