बिनपावडरीचा रस

पाच एप्रिल. रोहण्याच्या आमच्या रसकेंद्रात मोठ्या गंजात बाटल्या उकळत होत्या आणि मी चिमट्याने एकेक काढून उपडी मांडत होते. तेवढ्यात कुंदाताईंच्या भावाचा फोन आला. वर्ध्याच्या दवाखान्यात ताई पहाटे वारल्या होत्या. मी गॅस बंद केला नाही. अर्धवट उकळलेल्या बाटल्या त्यांनी कधी चालवून घेतल्या नाहीत. त्या दिवशीच का चालवून घ्याव्यात?

कुंदाताई आर्वीच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्या आणि आमच्या बायकांच्या गटात न बोलावता आल्या. आम्ही संत्र्याचा रस उकळून बाटल्यांत भरायचो आणि पंधरवड्यात अर्धा फेकायचो. त्यांनी एक बाटली उघडली. ओठाला लावली नाही, डोळे मिटून नाकाशी धरली आणि विचारलं, "यात कोण राह्यते?"

वच्छलाकाकू आमच्यात वयाने मोठ्या आणि तोंडाने त्याहून मोठ्या. त्या म्हणाल्या, "कोण राहीन वो? चांगला उकळला हाय रस."

"उकळून बाकीचे जंतू मेले. हा एक बियाणं होऊन पडून राह्यते. बाटली थंडी झाली का रुजते. घ्या, वास घ्या. दवाखान्यात आल्यासारखं नाई वाटत?"

वाटलं. त्या दिवसापासून बिघडलेल्या रसाला आमच्याकडे 'दवाखाना' हेच नाव पडलं.

हमरस्त्यावरच्या जाम चौकातल्या दुकानदाराला आमचा रस हवा होता, पण फ्रीजबाहेर उन्हाळाभर टिकणारा. "रस टिकवायची पावडर टाका ना बाई, सगळेच टाकतात," तो म्हणायचा. कुंदाताईंना पावडर नको होती. लवंगेच्या तेलावर एक तरी खेप उन्हाळा काढते का, हे त्यांना आपल्या डोळ्यांनी पाहायचं होतं. तेव्हा त्यांचं कॅन्सरचं दुखणं निघालेलं होतं. ते त्यांनी आम्हाला पाऊस येणार असल्यासारखं सांगितलं होतं. "माह्याजवळ लय टाइम नाई, हात चालवा."

पहिली खेप प्याल्यावर वच्छलाकाकू म्हणाल्या, "रस हाय का दातदुखीचं औषध?" सगळ्यात जास्त कुंदाताईच हसल्या. लवंग कमी केली, तरी तेल वरच तरंगायचं. पहिल्या बाटलीत सगळं जायचं आणि शेवटच्या बाटलीत काहीच नाही. मग त्यांनी बाभळीचा डिंक भिजवला आणि त्या पाण्यात तेल खलात घोटायला लावलं. दुधासारखं पांढरं झालं, तरंगायचं थांबलं. आमचे हात भरून यायचे. त्या खुर्चीवरून म्हणायच्या, "घोटा बायांनो. लवंग त्याले मारत नाई, फक्त रुजू देत नाई. पण प्रत्येक थेंबात पाहिजे."

अडचण एकच होती. लवंगेचा वासही दवाखान्याचाच. दातांच्या डॉक्टरकडचा वास कुठे संपतो आणि वॉर्डाच्या फरशीचा कुठे सुरू होतो, ते फक्त कुंदाताईंच्या नाकाला कळायचं. आम्ही बाटली उघडायचो आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचो.

औषधं सुरू झाल्यानंतर एकदा आम्ही अशीच बाटली उघडली. या वेळी आम्हालाही कळलं; वच्छलाकाकूंनी तर पदर नाकाला लावला. कुंदाताईंनी लांब वास घेतला आणि म्हणाल्या, "छान."

त्यांनी आमच्याकडे पाहिलं, पुन्हा बाटली नाकाशी धरली, खाली ठेवली.

"गेली का?"

"हो ताई."

"मंग बोलून काऊन नाई राह्यल्या तुम्ही?"

"तुमची तब्येत..." मी म्हणाले.

"बिमार मी हाय, रस नाई. मले बरं वाटावं म्हणून लोकाइले सडका रस पाजता का?" मग आवाज खाली आला. "जिभेची चव तर गेलीच होती. नाकाचं मले समजलंच नाई वं शोभा." त्या दिवशी त्या लवकर घरी गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातात बाटल्या द्यायला सुरुवात केली. चुकले की म्हणायच्या, "पुन्हा." त्यांना स्वतःला कसलाच वास येत नव्हता, तरी माझ्या कपाळाच्या आठ्या पाहून त्या मी चुकतेय हे ओळखायच्या.

फेब्रुवारीत मृग बहाराच्या संत्र्यांची खेप भरली आणि पत्र्याखाली, उन्हाच्या झळीत ठेवली. मार्च संपला. ताईंना वर्ध्याला भरती केलं. भेटायला निघायच्या सकाळी मी एक बाटली उघडली. दवाखाना.

खाटेजवळ बसल्याबसल्या त्यांनी विचारलं, "बाटल्या काय म्हंतेत?"

त्यांच्या भावाने मला डोळ्यांनी खुणावलं. मी सांगितलं, "खेप गेली, ताई."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं झोपल्या. तशाच भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "डिंक कमी पडला असन. नाईतर फळ गळीचं असन. मातीतूनच येते तो." चांगलं संत्रं बाजारात आणि झाडाखाली गळून पडलेलं रसाला, ही आमच्याकडची जुनी रीत, तिच्याकडे कोणी संशयाने पाहिलंच नव्हतं. "दोन्ही एकदम नको बदलू. एक बदलजो. नाईतर चूक कोनाची होती, कसं समजन?"

त्यावर मी हो म्हणाले. आमचं शेवटचं बोलणं ते.

पाच तारखेला दुपारी आर्वीच्या स्मशानात त्यांना पोचवून आलो. वच्छलाकाकू वाटेत म्हणाल्या, "बाईच्या हातून एक खेप तरी टिकाले पाहिजे होती." टिकली नव्हती.

सहा तारखेला सकाळी मी, आमचं फळ येतं त्या आंजीच्या बागेत गेले. तोडणीच्या गड्यांना म्हटलं, खाली पडलेलं एकही उचलू नका, कॅरेट मातीवर टेकवू नका. "इतकं फळ वाया जाईन ना बाई," त्यातला एक म्हणाला. "जाऊ द्या," मी म्हणाले. केंद्रावर येऊन रस काढला, डिंक घोटला. डिंक मागच्या खेपेइतकाच घातला.