लोकरीवरची भांडणं

लासुर्णे मागे पडलं आणि पुढचा सगळा रस्ता मेंढरांनी भरून गेला. ऊस तुटून गेलेल्या एका रानातून ती निघाली होती आणि त्यांना समोरच्या रानात जायचं होतं. मधल्या डांबरी रस्त्याला ती मोजतच नव्हती. मी गाडीत, अंगावर पैठणी, इंदापूरच्या लग्नाला निघालेली, आणि हात हॉर्नवर. पाचसहा वेळा वाजवल्यावर लाल पागोट्यातला मेंढका काचेपाशी आला आणि अगदी शेजारधर्मानं म्हणाला, "ताई, हॉर्नला मेंढरू भीत न्हाय. त्ये फकस्त फुडच्याचं बूड बघतंय. समदी गेली की तुमी जावा." मी काच खाली केली ती चार शब्द सुनावायला. पण शब्द बाहेर पडायच्या आधी वास आत आला. उन्हात तापलेल्या लोकरीचा तो तुपकट, उग्र, किंचित आंबूस वास. अत्तराच्या दुकानात कुणी तो विकायला ठेवला तर पहिली बाटली मी घेईन, आणि बहुधा शेवटचीही. चार शब्द जिभेवरच विरघळले. त्या वासासमोर आजवर माझा राग फार वेळ उभा राहिलेला नाही.

हा वास माझ्या सासऱ्यांचा. सगळं गाव त्यांना तात्या म्हणे, म्हणून आम्ही दोघी सुनाही तात्याच म्हणत असू. त्यांच्या तरुणपणी घरात मोठा कळप होता. मग कालव्याचं पाणी आलं, माळ फुटले, माळांचा ऊस झाला आणि चरायला जागा उरली नाही, तेव्हा त्यांनी कळप विकला. दाराशी ट्रॅक्टर आला, कारखान्याचं सभासदत्व आलं, पण हातातली टकळी गेली नाही. लाकडाची एवढीशी काडी, खाली चकती. बोटांच्या चिमटीतून लोकर सुटायची आणि खाली उतरता उतरता तिचा धागा व्हायचा. कारखान्याच्या सभेतसुद्धा ते कातत बसत. आमच्याकडे खतासाठी रानात मेंढरं बसवायची रीत आहे. त्यासाठी भाऊबंद कळप घेऊन येत, तेव्हा तात्या त्यांच्याकडून पोतंभर कातरलेली लोकर ठेवून घेत. ते पोतं म्हणजे आमच्या घरातलं न्यायालय होतं.

कातरलेली लोकर तुम्ही कधी हातात घेतली आहे का? माळावरची सगळी कुसळं, काटे, गोखरू तिच्यात बिऱ्हाड करून असतात. एकेक बोटानं काढावं लागतं, तेव्हा कुठे ती कातण्याजोगी होते. घरात कुणाचं भांडण पेटलं की तात्या ते विझवायला जात नसत. दोघांना समोरासमोर बसवत, मधे लोकरीचा ढीग ओतत आणि म्हणत, "भांडा की. कुनी नगं म्हनलंय? पर कुसळं काढत भांडायचं. हात थांबला की तोंड थांबलं पायजे." कायदा एवढाच. ऐकायला सोपा, पण माझ्यासारखीच्या गळ्याला फास. माझं भांडण म्हणजे निम्मे हातवारे. दोन्ही हात लोकरीत गुंतल्यावर माझ्याकडे उरतं काय? डोळे वटारावेत तर कुसळ बोटात घुसतं. मान खाली घालून, बारीक काम करत, मोठ्यानं ओरडून बघा एकदा. आवाज आपोआप बसतो.

माझा पहिला खटला जाऊबाईंवर होता. लग्नाला महिना झाला असेल. त्यांनी पाहुण्यांसमोर माझ्या भाकरीला महाराष्ट्राचा नकाशा म्हटलं होतं. मी आरोपपत्र वाचायला उजवा हात उंच नेला, तोच तात्या कोपऱ्यातून म्हणाले, "हात." मी हात खाली घेतला. जाऊबाई शांतपणे गोखरू वेचत म्हणाल्या, "नकाशा म्हनले त्ये चुकलंच माजं. नकाशात कोकण तरी नीट असतंय." तात्यांची टकळी हसून हसून हेलकावे खाऊ लागली. मी मात्र चिडून वेचत राहिले. बराच वेळ गेला. ढीग निम्म्यावर आला तेव्हा माझ्याच तोंडून भलतंच काही निघालं: आई माझी वेडीवाकडी भाकरीसुद्धा आधी स्वतःच्या ताटात घ्यायची, आणि महिनाभरात मला तिचा आवाजही ऐकायला मिळालेला नव्हता. जाऊबाईंनी एकदाच वर पाहिलं. "मग आय आठवती म्हनून सांग की गं. भाकरीवर कशाला घेतीस?" तेव्हापासून मी त्यांना आक्का म्हणू लागले.

परवा आमच्या कार्यालयात ताणतणाव कसा हाताळावा यावर एक शिबिर झालं. शिकवणारी मुलगी गोड होती. मनात काय चाललंय त्याला नाव द्या, श्वास सावकाश सोडा, हातांना काम द्या, विश्वासाच्या माणसाशी बोला, असं ती सांगत होती आणि प्रत्येकाच्या हातात दाबायला रबरी चेंडू देत होती. माझा चेंडू मी इतका दाबला की तो शेजारच्या साहेबांच्या चहात गेला. सगळे हसले. मला मात्र कोपऱ्यात टकळी फिरवणारे तात्या आठवून गलबलून आलं. हिनं छापलेल्या कागदावर जे आणलं होतं, ते त्यांनी पोत्यात भरून ठेवलं होतं.

आणि पोत्यात काय मावत नाही हेही त्यांना ठाऊक होतं. माझी आई गेली तेव्हा मला झोप येईना, जेवण जाईना. तात्यांनी तीन दिवस माझ्यापुढे लोकर ठेवली. मी तिला हात लावला नाही. चौथ्या दिवशी त्यांनी पोतं उचलून माळ्यावर टाकलं आणि म्हणाले, "ह्यो गुंता माज्या हातचा न्हाय, पोरी. डाक्टरच्या हातचा हाय. ऊठ." एसटीनं मला बारामतीला घेऊन गेले आणि दवाखान्याच्या बाकावर दिवसभर कातत बसले.

त्यांच्या स्वतःच्या दुःखाचं काय, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. तेव्हा त्यांनी अंगावरचं, वर्षानुवर्षं साठवलेल्या सुताचं घोंगडं पसरलं, काठापासून वीतभर आत बोट नेलं आणि म्हणाले, "हितं हात लाव." तिथे धागा कुठे जाड, कुठे केसासारखा बारीक होता. "मेंढरं इकली त्या दिशीचं सूत हाय ह्ये. रडत रडत कातलं. म्या विणकऱ्याला सांगितलं, काढू नगं, ऱ्हाऊ दे." मग त्यांनी मला सारं घोंगडं वाचून दाखवलं. हे थोरल्याचं लग्न, हा दुष्काळ, ही तुझी सासू गेली ती जागा, आणि इथे तू आणि तुझी जाऊ नकाशावरून भांडत होतात, बघ कसं हसतंय सूत.

तात्या गेले त्याला आता आठ महिने झाले. तिरडी उचलायच्या आधी आक्कांनी, कुणाला न विचारता, त्यांची टकळी त्यांच्या उजव्या हाताशी ठेवली आणि ती त्यांच्याबरोबर गेली. मला ती हवी होती. दुसरं काहीच नको होतं मला त्या घरातून. दहाव्याला मी सगळ्या बायकांसमोर, दोन्ही हात मोकळे सोडून, बोलू नये ते बोलले. मधे लोकर ओतणारं कुणी उरलं नव्हतं. तेव्हापासून ना फोन, ना निरोप. आजही मी सासरच्या गावच्या फाट्यावरून मान न वळवता पुढे जायचं ठरवूनच निघाले होते.

मेंढरं त्या फाट्याच्या अलीकडेच आडवी आली होती. शेवटचं शेपूट रस्ता ओलांडून गेलं तेव्हा कडेच्या वेड्या बाभळीवर मूठभर काळी लोकर अडकून राहिलेली दिसली. पैठणी सावरत मी उतरले, काट्यांना चार बोटं देऊन ती सोडवली, आणि गाडी फाट्यावर वळवली.

आक्का ओसरीवर शेंगा फोडत होत्या. मला बघून उठल्या नाहीत, आत जाऊन दारही लावलं नाही. "लग्नाला निघालीस जनू," एवढंच म्हणाल्या. मी समोर बसले आणि मूठ उघडून लोकर मधे ठेवली. त्यांनी ती उचलली, उलटीपालटी केली, बोटांनी चाचपली.

"ह्यात कुसळच न्हाय," त्या म्हणाल्या. "माळ ऱ्हायलाय कुठं कुसळं लागाय? आन् एवढ्याशा लोकरीत आपलं भांडण मावतंय व्हय गं?"

मला हसू आलं, आणि त्याबरोबर सगळं वर आलं. लोकर हातात घेऊन, नसलेली कुसळं वेचत, मी बोलत सुटले: टकळी का दिलीस, एकदा विचारायचं होतंस, मला त्यांचं काहीतरी हातात धरायला हवं होतं. आक्कांनी पुरतं ऐकून घेतलं. मग शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"त्यास्नी रिकामा हात कदी सोसला का? तूच सांग. एवढ्या लांब निगाले. वाटंत हाताला काय दिलं असतं मी?"

माझा हात थांबला. आणि त्या घरात हात थांबला की तोंड थांबतं.

आक्कांनी माझ्या मुठीतून लोकर काढून घेतली. टकळी नव्हती, म्हणून ती मांडीवर धरून तळहातानं वळू लागल्या. वळता वळता त्यांच्या हातावर डोळ्यातलं पाणी पडत होतं आणि तरी मधेच, नकाशातल्या कोकणाची आठवण निघाली तेव्हा, आम्ही दोघी हसलोही. इंदापूरचा मुहूर्त केव्हाच टळला असेल. वीतभर सूत झालं, कुठे जाड, कुठे केसासारखं बारीक. त्यातलं कुठलं रडण्याचं आणि कुठलं हसण्याचं, ते वाचून दाखवणारं माणूस आता घरात नाही. आम्ही आपल्या त्याच्यावरून आळीपाळीनं बोट फिरवत बसलो.