एकशे बारा नंबरचा बांगडा

बांगड्याचा वास हाताला बसला की साबणानं जात नाही. लिंबू चोळा, राख चोळा, जेवताना नाकाशी येतोच. आमच्या लॅबमधले किस्से तसेच चिकटलेत. मी मुळात फार बोलत नाही, त्यामुळे ते जरा जास्तच साठले.

लॅब खोपोलीबाहेरच्या एका कॉलेजात. मी पोशीरचा, नववीत शाळा सोडलेला. लागलो ते बाटल्या धुवायला. बांगड्याच्या डोक्यात तिळाएवढे दोन खडे असतात. ते घासून काचपट्टीवर चिकटवले की सूक्ष्मदर्शकाखाली वर्तुळं दिसतात. एक वर्तुळ म्हणजे माशाचा एक दिवस. लॅबच्या प्रमुख मॅडमनी मला ती मोजायला शिकवलं आणि म्हणाल्या, "संतोष, पाचशे खडे वाच. रिसर्च पेपरवर तुझंही नाव लावू!"

मी हे फक्त वडलांना, आबांना सांगितलं. आबांनी गावाला सांगितलं.

* * *

एकदा दिल्लीहून पाहुणे आले. खिडकीतून नुसता डोंगर दिसतोय म्हणून त्यांनी विचारलं, "समुद्र किती लांब आहे इथून?"

आमचे सर, मॅडमच्या हाताखालचे मोठे संशोधक, म्हणाले, "लांब असला म्हणून काय झालं? मासे येतात की टेंपोनं!"

पाहुण्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

* * *

तो टेंपो एकदा रस्त्यात पंक्चर झाला. मी बर्फाच्या पेट्या खाली उतरवल्या, तर चार बायका जमल्या.

"कसे दिले रं बांगडे?"

"विकायचे नाय मावशी. मोजायचे हायेत."

"मोजून काय वरात काढनार हायेस त्यांची?"

टायर बदलेपर्यंत मी मान वर केली नाही.

* * *

त्याच पेट्यांतला एक ढीग पुढच्या आठवड्यात गायब झाला. सरांच्या घरी पाहुणे होते म्हणे. अहवालात सरांनी लिहिलं, "काही नमुने पूर्णपणे नष्ट झाले."

खोटं नव्हतं. काटेसुद्धा उरले नव्हते!

* * *

मला मुलगी बघायला नेलं. मुलीच्या मामांनी विचारलं, "पोरगा काय करतो?"

आबा ताठ बसून म्हणाले, "बांगड्याचं वय सांगतो."

"आनि याचं सोताचं वय चाललंय, ते कोन मोजतंय?"

सगळे हसले. मीही हसलो. आबा तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "पेपरात नाव येनार हाय त्याचं."

"येऊ द्या की मंग," मामा म्हणाले, "तवा बगू."

* * *

वाचनाचा आमच्याकडे कडक नियम आहे. प्रत्येक खडा दोघांनी वाचायचा आणि एकानं दुसऱ्याचा आकडा बघायचा नाही. पहिला वाचक मी, दुसरे सर.

सर दर शनिवारी माझी वही घरी न्यायचे. "अक्षर सुधारलंय का बघतो तुझं!"

* * *

पेपर छापून आला. त्यात लिहिलं होतं की खडे दोन अनुभवी वाचकांनी एकमेकांचे आकडे न बघता वाचले. लेखक म्हणून नावं सरांची आणि मॅडमची. माझं नाव शेवटच्या पानावर, आभारात सापडलं. प्रयोगशाळेच्या स्वच्छतेसाठी.

आबांना इंग्रजी येत नाही. "यात तुजं कंचं रं?"

मी बोट ठेवलं. आबांनी तो कागद मामांना दाखवायला म्हणून पिशवीत घातला.

* * *

आता त्याआधीचा, पेपर छापायला पाठवायच्या दिवसाचा किस्सा.

मॅडम कॉम्प्युटरवर नावं भरत होत्या. सर शेजारी बसलेले. मी पट्ट्या डब्यात लावत होतो, तर एकशे बारा नंबरची पट्टी कागदाच्या पुडीत सापडली. कुणीही वाचायच्या आधीच ती माझ्या हातून पडून फुटली होती. वही उघडून बघितलं तर एकशे बारासमोर आकडा होता! मागच्याच खड्याचा एकशे सत्तेचाळीस मी चुकून पुन्हा लिहिला होता.

माझं नाव लागणार होतं. त्याच्याखाली चुकीचा आकडा जायला नको, म्हणून धीर करून गेलो.

"मॅडम, एकशे बारा मी वाचलेलाच नाही. आकडा चुकून पडलाय. तेवढा काढा."

सरांनी आपली वही उघडून ओळीवर बोट फिरवलं. "एकशे बारा? अरे, माझाही एकशे सत्तेचाळीसच आलाय. चूक कसली? तंतोतंत जुळलंय!"

मी पुडी टेबलावर उघडली. एक तुकडा घरंगळत खाली पडला.

मॅडमनी माझी वही बघितली. सरांची वही बघितली. मग काचा बघितल्या.

"संतोष," मॅडम म्हणाल्या, "झाडू आण. सरांच्या पायाला लागेल."