नंदाचं कनेक्शन

नंदा कडव लहान असतानाच पोलिओने तिचा उजवा पाय गेला. पळसदरीच्या शाळेत ती कुबडी घेऊन जायची. कर्जतच्या कॉलेजातून बी.ए. झाली, आणि मग कितीतरी वर्षं घरातच होती. आई वारलेली. वडील येसाजी रेल्वेत गँगमन होते, ते रिटायर होऊन घरच्या भातशेतीकडे बघत. नंदा स्वयंपाक करायची, दोन-चार पोरांच्या शिकवण्या घ्यायची आणि पेपरातल्या नोकरीच्या जाहिराती वाचायची. मुलाखतीला बोलावत, पण कुबडी दिसली की "कळवतो" म्हणत. पुढे कुणी कळवलं नाही.

मग डोंबिवलीच्या मावशीकडे राहून ती एक काम शिकली. अमेरिकेतले डॉक्टर रोगी तपासून झाले की त्याची हकिगत बोलून ठेवत. ते बोलणं डोंबिवलीच्या एका ऑफिसात यायचं आणि तिथून घरोघरी टायपिंग करणाऱ्या बायकांकडे जायचं. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की डॉक्टर बोलायचा, सोडलं की थांबायचा. नंदा ते डाव्या पायाने चालवायची. सुरुवातीला एक शब्द कळेना. वर्षभरात मात्र तिला डॉक्टर आवाजावरून ओळखू येऊ लागले. एक म्हातारा डॉक्टर बोलता बोलता खोकायचा. तो खोकला की ही इकडे पळसदरीत मनातल्या मनात म्हणायची, पाणी प्या हो जरा.

पहिल्यांदा घरात तिची कमाई आली तेव्हा येसाजींनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढे दिले. "पोरगी घरबसल्या अमेरिकेचं काम करते," असं ते स्टेशनवर भेटेल त्याला सांगत.

अडचण एकच होती, नेट. दोन हजार आठ-नऊची ही गोष्ट. घरात टेलिफोनची जुनी लाइन होती आणि त्याच लाइनवर डायल करून नेट लागायचं. मोडेम आधी किंचाळायचा, मग खरखरायचा. लागलं तर लागलं. एक फाइल उतरेपर्यंत भात शिजून व्हायचा. मध्येच कुणाचा फोन आला की सगळं तुटायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. येसाजींच्या बहिणीने एकदा दिवसभर फोन लावला, तो लागेना, म्हणून घाबरून ती खोपोलीहून एसटीने आली होती.

गणपतीच्या आधी डोंबिवलीच्या ऑफिसातून रूपालीचा फोन आला. कामं वाटून द्यायचं काम तिच्याकडे होतं.

"नंदा, आता मोठ्या फाइली येणार. डायलअपवाल्या बायकांना काम द्यायचं नाही असं ठरलंय. ब्रॉडबँड घे लवकर. तुझ्यासारखी बाई मला सोडायची नाहीये, पण माझ्या हातात नाही."

नंदाने मग नेट शोधायला सुरुवात केली. इतक्या काळजीने तिने आयुष्यात काही निवडलं नव्हतं. आधी ती रिक्षा करून कर्जतला टेलिफोनच्या ऑफिसात गेली. तिथला साहेब भला होता. त्याने खुर्ची दिली, नकाशा दाखवला. म्हणाला, "बाई, लाइन लांबची आहे आणि तार जुनी. कनेक्शन देईन, पण स्पीड टिकणार नाही. तुमच्या गावात नवी पेटी बसली की या. मागणी गेलीय वर." पेटी कधी बसेल ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

मग चौक गावाहून एका मोबाइल कंपनीचा एजंट आला. त्याने कॉम्प्युटरला डोंगल लावलं. त्यावरचा दिवा लाल तो लालच. त्याने ते खिडकीत धरलं, ओटीवर धरलं, अंगणात धरलं. शेवटी पाण्याच्या टाकीवर चढल्यावर दिवा हिरवा झाला. "रेंज हाय, ताई," तो वरून म्हणाला. नंदाने कुबडीकडे बघितलं आणि त्याला चहा दिला.

राहिला विलास. विलास गावचाच, केबलवाला. नव्या बंगल्यांमध्ये तो टीव्हीच्या केबलबरोबर नेटही द्यायला लागला होता. माणूस गोड बोलणारा, कुणाच्याही लग्नात आधी हजर. नंदा त्याला दादा म्हणायची.

"चार दिवसांत जोडून देतो," विलास म्हणाला. "आणि बंद पडलं तर त्या ऑफिसवाल्यांसारखं तक्रार नंबर घ्या नि बसा, असं नाय. मला फोन कर, मानूस तुझ्या दारात."

"वायर कुठून आणणार, दादा?"

"कुठून म्हंजे? लाइटीच्या खांबांवरून. सगळीकडं तशीच हाय."

तशीच होती खरी. स्टेशनपासून धरणापर्यंत विजेच्या खांबांवर काळ्या वायरींची जाळी लोंबत होती, आणि त्याला परवानगी नाही हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. नंदालाही होतं. तिने हो म्हटलं.

जोडायला आला तो जैतू. डोंगराच्या पोटाशी आदिवासी ठाकरांची वाडी आहे, तिथला. तिशीचा, बारीक, खांद्यावर वायरीचं भेंडोळं. खांबावर तो शिडीशिवाय चढायचा. वाडीतली माणसं सगळ्यांनाच अरेतुरे करतात, तसा तोही नंदाला पहिल्या दिवसापासून "तू" म्हणाला. काम झाल्यावर स्क्रीनपाशी उभा राहून त्याने विचारलं, "ताय, आता काय दिसतं यात?"

तिने त्याला अमेरिकेचा नकाशा दाखवला. मग पळसदरीचं धरण वरून कसं दिसतं ते दाखवलं. जैतूने बराच वेळ त्यात आपली वाडी शोधली. झाडं दिसली, घरं काही दिसेनात. "आमी नाय यात," म्हणून तो हसला आणि गेला.

फाइल आता चहा गाळेपर्यंत उतरायची. नंदाचं काम दुप्पट झालं. वायर महिन्यातून एकदा तरी तुटायची, कधी वाऱ्याने, कधी माकडांनी. विलासला फोन केला की जैतू यायचा. असं वर्ष गेलं.

पुढच्या वर्षी परतीचा पाऊस फार वाईट आला. दोन दिवस झोडपलं आणि रस्त्याकडच्या खांबावरून वायर तुटून पडली. नंदाकडे तातडीच्या फाइली अडकल्या होत्या आणि रूपालीचे फोन सुरू होते. नंदाने विलासला फोन केला.

"उद्या करू गं. खांब वले हायेत. जैतू नको म्हनतोय."

"दादा, मला आजच पाहिजे. लाइट आली की लगेच फाइली पाठवायच्यात, माझं काम जाईल."

"अगं पन..."

"नाहीतर मी दुसरं कनेक्शन बघते. डोंगलवाल्याचा नंबर आहे माझ्याकडे."

डोंगल घरात चालत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते विलासला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "बरं. सकाळपासनं लाइट गेलीच हाय, तवर उरकून घेऊ. पाठवतो त्याला."

पाऊस थांबला होता. जैतू आला, पायाचा चिखल गवताला पुसला आणि खांबावर चढला. नंदा खिडकीत बसली होती. येसाजी अंगणात उभे राहून वर बघत होते. "संभाळून रं," ते म्हणाले. जैतूने वरून मान हलवली. एक हात तारेवर टेकून तो दुसऱ्या हाताने केबल गुंडाळत होता. गावाची वीज कुठे बंद आहे, कुणी बंद केलीय, कधी सोडणार, हे विलासने वीज कचेरीत विचारलं नव्हतं. दुसऱ्या कुणी विचारायचा प्रश्नच नव्हता.

नंदाच्या डोक्यावरचा पंखा फिरू लागला. क्षणभर तिला बरंच वाटलं. "आली बाई एकदाची," असं ती मोठ्याने म्हणाली. आणि मग बाहेरून वडिलांची हाक आली, तिने कधी ऐकली नव्हती अशी.

जैतू खाली पडला तेव्हाच गेलेला होता. टेंपोत घालून कर्जतला नेला, डॉक्टरांनी हात लावून मान हलवली.

संध्याकाळी विलास आला. त्याचा चेहरा उतरला होता. रडलाही. मग खुर्ची नंदाच्या जवळ ओढून हळू आवाजात बोलू लागला.

"पोलीस येतील. तू म्हन, मला कायच ठाव नाय. तो आपल्या मनानं चढला. आकडा टाकायला, नायतर तार चोरायला, काय असंल ते. माझ्याकडं त्याची कुठं नोंद हाय? गेला तो तर गेला, नंदे. माझी दोन पोरं हायेत."

"त्यालाही आहेत, दादा."

"हायेत ना. मी बघीन त्यांचं. शब्द देतो. पन कागदावर नको."

येसाजी खाली मान घालून बसले होते. विलास गेल्यावर ते म्हणाले, "गावात राहायचं हाय आपल्याला. मी आज हाय, उद्या नाय. तुला अडीअडचणीला ह्योच येनार."

"तो चोर नव्हता, बाबा."

"मी कुठं म्हनतो चोर व्हता?" येसाजी म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी हवालदार आले. नंदाने सगळं सांगितलं. फोन मी केला. विलासदादा उद्या म्हणत होता, जैतूही नको म्हणत होता. मी घाई केली, खोटी धमकी दिली. दादाने त्याला पाठवलं. तो माझ्या वायरीसाठी चढला होता. हवालदाराने दोनदा विचारलं, हे सगळं लिहायचं का? तिने लिहा म्हटलं आणि सही केली.

मग ती वाडीवर गेली. रिक्षा अर्ध्यातच थांबते, पुढची चढण ती कुबडीवर चढली. जैतूची बायको जना दारात बसली होती. बाजूला सासरा पोशा. नंदाने काय काय बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं तिला काहीच आठवेना.

"मीच फोन केला होता," ती म्हणाली.

जनाने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पोशा म्हणाला, "बाय, तू खाली जा. पाऊस येल, तुला उतरता यायचं नाय." त्याने एका पोराला बरोबर दिलं नाही, की हात पुढे केला नाही. नंदा बसत, घसरत उतरली.

विलासने तिचं कनेक्शन त्याच आठवड्यात कापलं. रूपालीने महिनाभर वाट पाहिली आणि मग दुसरी बाई घेतली. गाव नंदाशी भांडलं नाही. फक्त येणंजाणं कमी झालं. "लंगडीनं भल्या मानसाचा धंदा बुडवला," हे तिच्या कानावर येईल इतक्या मोठ्याने बोललं जायचं. शिकवणीची पोरं बंद झाली. येसाजी तिसऱ्या वर्षी गेले. शेवटच्या आजारात विलास खरोखरच गाडी घेऊन आला, त्यांना दवाखान्यात घेऊन गेला आणि नंदाशी एक शब्द न बोलता परत गेला.

फौजदारी खटला टिकला नाही. विलासने जैतूला पाठवलं ते ऐकलं असं म्हणणारा दुसरा साक्षीदार मिळाला नाही, आणि एकट्या नंदाच्या सांगण्यावर भागलं नाही. विलास सुटला. पण नुकसानभरपाईच्या दाव्यात जैतू त्याचा कामगार होता हे धरलं गेलं, ते नंदाच्या जबाबावरच. जनाला पैसे मिळाले, सगळे नाहीत आणि फार उशिरा. तोवर थोरला मुलगा शाळा सोडून तिच्याबरोबर वीटभट्टीवर जायला लागला होता, तो पुन्हा शाळेत गेला नाही.

भरपाईच्या निकालाच्या दिवशी नंदा आणि जना कर्जतच्या कोर्टाबाहेर उभ्या होत्या, पोशाही आला होता. इतकी वर्षं तारखांना त्या एकाच बाकावर बसल्या होत्या, पण जना कधी बोलली नव्हती. त्या दिवशी ती स्वतःहून जवळ आली.

"तू फोन नसता केला, तर काय झालं असतं?"

नंदाने या प्रश्नाचं उत्तर किती वेळा तयार केलं होतं. "तो त्या दिवशी चढला नसता."

"दुसऱ्या दिशी चढला असता."

"खांब सुकला असता. कदाचित..."

"नाय," जना म्हणाली. "त्यो इलास कवा इचारनार व्हता लाइटीचं? आज नाय तर उंद्या, त्यो मेलाच असता. पर त्या रातीला घरी आला असता. पोरीनं त्याच्यासाठी खेकडं धरून ठेवलं व्हतं."

तिने पदर डोक्यावर घेतला आणि सासऱ्याचा हात धरून रस्ता ओलांडून गेली.

विलासची केबल पुढे एका मोठ्या कंपनीने घेतली आणि तो चौकला ढाबा चालवतो. नंदा कर्जतला एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करते, सातबाराचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं. पळसदरीत आता जमिनीखालून फायबर आलं आहे. कंपनीची पोरं घरोघरी फिरतात, कोणता प्लॅन घेता विचारतात. नंदाच्या दारात आली की ती त्यांना पाणी देते आणि सांगते, माझ्याकडे फोन आहे, घरात नेटची मला गरज नाही.