बुजवण्याआधीच्या भिंती

वेबसाइट कशाशी खातात हे आमच्या वहिनींना वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. मला अजूनही धड माहीत नाही. मी प्लंबर माणूस. पाण्याला वाट करून द्यायची एवढंच मला कळतं, आणि चिडायला मला फारसं कारण लागत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे एका ठिकाणी मी फार चिडलो आहे.

धंदा थोरल्या भावाचा. जुनी घरं दुरुस्त करायची, खोल्या वाढवायच्या, न्हाणीघरं नव्याने बांधायची, कधीमधी एखादं छोटं घर पायापासून उभं करायचं. गवंडी, सुतार, फरशीवाले, बिगारी आणि मी धरून चौदा जण. ऑफिस म्हणजे रस्त्याला लागून एक खोली. दोन टेबलं, फरश्यांचे नमुने डकवलेली भिंत आणि एक फोन. फोनवर वहिनी, बावीस वर्षं. दादा दिवसभर साइटवर, त्यामुळे गिऱ्हाइकांना कंपनी म्हणजे वहिनींचा आवाज, एवढंच ठाऊक.

वहिनींना एक खोड होती. फोन करणारा माणूस पहिला प्रश्न काय विचारतो, ते त्या एका वहीत उतरवून ठेवायच्या. नाव-पत्ता दुसऱ्या वहीत, हिच्यात फक्त प्रश्न. ‘काम चालू असताना घरात राहता येईल का?’ ‘धूळ किती उडेल? आईला दमा आहे.’ ‘आधीच्या कंत्राटदाराने अर्धवट टाकलंय, तुम्ही हात लावाल का?’ ‘कुत्रा बांधून ठेवावा लागेल का?’ आम्ही त्या वहीची यथेच्छ टिंगल करायचो. मी तर म्हणायचो, वहिनी, यावर परीक्षा घ्या, आम्ही सगळे नापास होऊ.

मग काम आटायला लागलं. जुनी गिऱ्हाइकं म्हातारी झाली आणि त्यांची पोरं कंत्राटदार शोधायची ती मोबाइलवर. आम्ही मोबाइलवर कुठेच नव्हतो. तेव्हा दादाने कुणाच्या तरी ओळखीचा एक टाय लावणारा गाठला आणि वेबसाइट बनवून घेतली. उघडली की पहिली चाळीस मजली काचेची इमारत, मागे मावळता सूर्य. खाली पिवळी हेल्मेटं घातलेले दोघे हस्तांदोलन करतायत. त्यातला एकही आमच्या ऑफिसात कधी फिरकला नव्हता. खाली लिहिलेलं, ‘आम्ही देतो तुमच्या स्वप्नांना आकार.’ आणि संपर्क साधायचा तर अकरा रकाने भरा. दादाची छाती फुगली. खोटं कशाला बोलू, माझीही फुगली. मी सासुरवाडीत प्रत्येकाला ती इमारत दाखवली आणि ती आम्ही बांधलेली नाही हे सांगायचं सोयीस्करपणे विसरलो.

आणि फोन बंद पडला. म्हणजे फोन चालू होता, वाजत नव्हता. आधी आठवड्याला पाच-सहा चौकश्या यायच्या, आता एखादी. मी वायरसुद्धा तपासून पाहिली. महिन्याभराने औषधाच्या दुकानात आमच्या एक जुन्या गिऱ्हाईक बाई वहिनींना भेटल्या. त्यांचं न्हाणीघर आम्ही दोनदा केलेलं. त्या म्हणाल्या, “तुम्ही आता फार मोठे झालात हो. आमच्या मोरीसाठी तुम्हाला कशाला त्रास द्यायचा? दुसऱ्या एकाला बोलावलं.”

वहिनी घरी येऊन आधी हसल्या आणि मग डोळ्याला पदर लावून बसल्या. पदरचा खर्च करून आम्ही आमचीच गिऱ्हाइकं पळवून लावली होती. बडा घर पोकळ वासा म्हणतात, पण आम्ही तर बडं घरही उसनं आणलेलं.

एका शनिवारी दादाने सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. वर्ष संपलं की कंपनी बंद, तोवर ज्याने त्याने दुसरीकडे सोय बघावी. एवढं बोलून तो फरश्यांच्या नमुन्यांकडे तोंड करून उभा राहिला. दोन गवंडी तर माझ्याही आधीपासून त्याच्याबरोबर होते. मी पन्नाशीचा, गुडघे कुरकुरणारा प्लंबर, मला कोण घेणार होतं?

बोलल्या त्या वहिनी. “बंदच करायचंय ना? मग तोवर ती वेबसाइट माझ्या ताब्यात द्या. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही.”

त्यांनी संध्याकाळचा क्लास लावला. शिकवणारी मुलगी त्यांच्या लेकीपेक्षा लहान, आणि वर्गातली बाकीची पोरं त्यांना ‘आजी’ म्हणायची. तीन महिन्यांत त्या असं काही शिकल्या की ती मुलगीच त्यांना प्रश्न विचारायला लागली. पहिल्यांदा काचेची इमारत गेली, मग हस्तांदोलनवाले, मग स्वप्नं. वर मोठ्या आकड्यांत फोन नंबर आला आणि त्याखाली ओळ: ‘सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. फोन माणूस उचलतो.’ मग आम्ही कुठपर्यंत कामाला येतो ते. मग ‘हे आम्ही करत नाही’ अशी एक यादी. तीन मजल्यांवरच्या इमारती नाहीत, विहिरी नाहीत, रस्ते नाहीत.

दादा भडकला. “करत नाही ते कशाला लिहायचं?”

“म्हणजे करतो ते खरं वाटेल.”

आणि मग ती वही आली, जशीच्या तशी, लोकांच्याच शब्दांत. दम्याची आई, कुत्रा, अर्धवट टाकलेलं काम, सगळं. प्रत्येकाखाली दोन-दोन ओळींचं सरळ उत्तर. कुत्र्याचं उत्तर मी सांगितलं: बांधू नका, दुसऱ्या खोलीत ठेवा, बांधलेला जास्त भुंकतो.

शिवाय परीक्षा. थोरल्या गवंड्याचा हात सिमेंटच्या मालाने भरलेला असताना वहिनींनी त्याच्यापुढे मोबाइल धरला, “लावा बघू फोन.” त्याच्या बोटाला ते बटण सापडेना. वहिनींनी बटण दुप्पट केलं. शेजारच्या ऐंशीच्या आजोबांना भर उन्हात रस्त्यावर उभं करून वाचायला लावलं. त्यांना करडी अक्षरं दिसेनात, अक्षरं काळी झाली. एकदा तर त्या आमच्या साइटच्या तळघरात जाऊन उभ्या राहिल्या, जिथे मोबाइलला रेंज जेमतेम येते, आणि पान उघडेपर्यंत मोठ्याने आकडे मोजत बसल्या. फोटोंची संख्या निम्म्यावर आली.

आता माझ्या चिडण्याकडे येतो. वहिनी रोज कुठल्या ना कुठल्या साइटवर यायच्या आणि गिलावा करण्याआधीच्या भिंतीचे फोटो काढायच्या. उघडे पाइप, उघड्या वायरी, शेजारी टेप लावून, म्हणजे कोपऱ्यापासून किती अंतरावर काय आहे ते कळावं. “गिलावा झाला की सगळ्या भिंती सारख्याच, भाऊजी,” त्या म्हणायच्या. “माणसाला खरी काळजी आतल्याची असते.” मला पटायचं. पण एका न्हाणीघरात पाइपात दाब देऊन तपासताना माझा एक सांधा पाझरला. असं होतं कधी कधी, तपासायचं ते त्यासाठीच. मी तो कापला आणि नवा बसवला. वहिनींनी दोन्हींचे फोटो वेबसाइटवर टाकले. खाली लिहिलं: ‘पहिल्या तपासणीत हा सांधा पाझरला. भिंत उघडीच होती. दुसऱ्या दिवशी नवा बसवला. तिसऱ्या दिवशी कोरडा.’

मी ऑफिसात जाऊन असा ओरडलो की भिंतीवरची एक फरशी खाली आली. “तीस वर्षांची माझी अब्रू चव्हाट्यावर मांडलीत! मला उद्या कोण बोलावणार, सांगा? गळका प्लंबर म्हणून?”

“आधी फरशी उचला,” वहिनी म्हणाल्या. फोटो काही काढला नाही. मी पंधरा दिवस त्यांच्याशी बोललो नाही. चहा मात्र प्यायचो, तेवढा राग मला परवडत नाही.

फोन वाजायला लागला होता. मोऱ्या, गळकी छपरं, एक जिना. पण त्यावर चौदा जण टिकत नव्हते, आणि वर्ष संपायला सात आठवडे उरले होते. तेव्हा मुलींच्या शाळेचा फोन आला. तीन मजली जुनी इमारत, सगळे पाण्याचे पाइप आणि सगळी स्वच्छतागृहं बदलायची होती. दीड-दोन वर्षांचं काम. तीन कंपन्यांना बोलावलं होतं, आम्ही तिसरे.

आमच्या आधी जे आत गेले, त्यांनी पडद्यावर सिनेमा दाखवला म्हणे, संगीतासह. आम्ही गेलो ते तिघं: इस्त्रीच्या शर्टात अवघडलेला दादा, वहिनी, आणि पाण्याचं काही विचारलं तर म्हणून मी. मुख्याध्यापिका बाईंच्या हातात मोबाइल होता. त्यांनी तो आमच्याकडे फिरवला. पडद्यावर माझा पाझरलेला सांधा.

“हे काम कुणाचं?”

माझे कान तापले. बिगाऱ्यावर ढकलावं असं क्षणभर मनात आलं, त्याची आजही लाज वाटते. “माझं,” मी म्हणालो.

“मग जगाला सांगितलंत कशाला?”

“मी कुठे सांगितलं? या वहिनींनी छापलं. मी पंधरा दिवस यांच्याशी बोलत नव्हतो.”

बाईंच्या शेजारी बसलेले शाळेच्या समितीचे पाचही जण हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. “इथले पाइप मागे एकदा बदलले होते,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षांत भिंतीला ओल आली. कुठून येते ते अजून सापडलेलं नाही, कारण आत काय आहे हे कुणालाच माहीत नाही. तुम्ही आमच्या प्रत्येक भिंतीचे असे फोटो ठेवाल?”

“ठेवू,” वहिनी म्हणाल्या. “मजल्यावार, खोलीवार. तुमच्यानंतर ज्या मुख्याध्यापिका येतील त्यांनाही उघडता येतील असे. आणि चुकलं तर तेही ठेवू.”

“आणि मुली वर्गात असताना आवाजाचं काय, ते...” बाई थांबल्या आणि स्वतःशीच म्हणाल्या, “नाही, ते मी तुमच्या वेबसाइटवरच वाचलं.”

“ही वेबसाइट कोणत्या कंपनीने केली?” एका गृहस्थांनी विचारलं.

दादा उभा राहिला. घरात कधी बायकोचं कौतुक न केलेला माणूस. “माझ्या बायकोने,” तो म्हणाला, आणि पुढचं काही सुचेना म्हणून उभाच राहिला. मला त्या क्षणी वहिनींचा असा अभिमान वाटला की मी माझ्या सांध्यालाही माफ करून टाकलं.

गुरुवारी दुपारी शाळेचा फोन आला. काम आमचं. दादा खुर्चीत मटकन बसला आणि रुमालाने मान पुसत राहिला. वहिनी पाणी प्यायल्या, त्यांनी चष्मा पुसला आणि माणसांच्या नंबरांचा कागद पुढे ओढला. सगळ्यांना एकदम निरोप धाडता आला असता, ते तर त्या शिकल्याच होत्या. पण त्यांनी एकेकाला फोन लावला. थोरला गवंडी, मग धाकटा, मग सुतार, फरशीवाले, बिगारी. प्रत्येकाला तेच वाक्य, त्याच सावकाश आवाजात. एका बिगाऱ्याने दुसरीकडे शब्द दिला होता. तो म्हणाला, आत्ता जाऊन शब्द परत घेतो.

तेरा झाले. मी समोरच स्टुलावर बसलो होतो. माझ्या खिशातला फोन वाजला. मी वर पाहिलं तर वहिनी रिसीव्हर कानाला लावून, माझ्याकडे न बघता, कागदावर बोट ठेवून बसलेल्या. मी फोन उचलला.

“भाऊजी, वहिनी बोलतेय. काम मिळालंय. सोमवारी आठ वाजता शाळेवर या.”

मला सगळं आधीच माहीत होतं. तरी ते कानात ऐकलं आणि मी स्टुलावरून उठून उभा राहिलो. दोन हातांवरच्या माणसाला मी फोनवरच म्हणालो, “येतो, वहिनी.”