कुणाचं नाव राहिलं नाही

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मुलांजवळ नाही. याआधी दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा तिसऱ्या ओळीपासूनच स्वतःची बाजू मांडायला लागलो. कागद फाडून टाकले. आज तसं करायचं नाही. आज शेवटपर्यंत जायचं.

आधी माझी ओळख सांगतो. मी मास्तर होतो, आता निवृत्त आहे. तुम्ही लातूर-रेणापूर भागातले असाल, वयानं थोडे मोठे असाल, तर कदाचित मला वाचलंही असेल. ‘वाचलं, पाहिलं’ या नावाचं माझं सदर दर रविवारी यायचं. अलीकडे वाचलेली कादंबरी, अलीकडे पाहिलेला सिनेमा आणि त्यावर माझं मत. माझं मत — हे दोन शब्द लिहिताना आजही हात जरा थांबतो. का थांबतो, तेच सांगायचं आहे.

दुसरी माझी ओळख आभार मानणारा म्हणून. आमच्याकडे कुठलीही सभा असो, शेवटी आभाराला मास्तरांनाच उभं करायचे. मी मांडववाल्याचं नाव घ्यायचो, माईकवाल्याचं घ्यायचो, टँकरवर जाऊन पिण्याचं पाणी आणणाऱ्याचंही घ्यायचो. आमच्या घरात शिकलेला मी पहिला. कुणाच्या पडवीत बसून अभ्यास केला, कुणी जुनी पुस्तकं दिली, हे सगळं मला पाठ होतं. त्यामुळे आभार मी मनापासून मानायचो. ते खोटे नव्हते. मग खोटं काय होतं?

आता अक्काबद्दल सांगतो. महानंदा तिचं नाव, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आमचं गाव नायगावकडचं. मोठा दुष्काळ पडला तेव्हा मी चौथीत होतो आणि ती नुकतीच सातवी पास झाली होती. गावाजवळ रस्त्याचं काम निघालं. घरातून आणखी एक माणूस जायला हवं होतं. वय वाढवून सांगून अक्काचं नाव हजेरीत घातलं. ती खडी फोडायला गेली आणि मी शाळेत राहिलो. असं कुणी बसून ठरवलं नव्हतं. एक दिवस तिचं दप्तर खुंटीवर होतं आणि दुसऱ्या दिवशी ते माझ्या खांद्यावर होतं.

पुढे तिचं लग्न रेणापूरला झालं. दाजींचं लहानसं किराणा दुकान होतं. मी नांदेडला शिकलो, नोकरीही रेणापुरातच लागली आणि तिच्याच घरी राहू लागलो. लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. नवी कचेरी, नव्या पाट्या, नवा पेपर. पाऊस मात्र त्याही वर्षांत रुसलेलाच होता. त्या नव्या पेपरच्या संपादकांना भागातला एक लिहिणारा हवा होता. मी हो म्हणालो.

वाचनालयातून मी आठवड्याला दोन पुस्तकं आणायचो. ती आधी अक्का वाचायची. ती सगळंच वाचायची. दुकानात पुड्या बांधायला रद्दी यायची, तीही पुडी बांधण्याआधी वाचून झालेली असायची. एकदा शनिवार उजाडला तरी माझी कादंबरी अर्धीच झाली होती. म्हटलं, अक्का, पुढं काय होतं ते सांग. ती भाकरी थापत होती. तिनं गोष्ट सांगितली आणि वर म्हणाली, “लई दुःखी दाखवलीय रे सून. पण तीनशे पानं झाली, हिनं एकदाबी सैपाक केलेला दिसला न्हाई. मग एवढं रडायला हिला वेळ घावला कसा?”

मी ते लिहिलं. थोड्या शुद्ध भाषेत, पण तेच. लोकांना आवडलं.

मग ती रीतच झाली. अक्का तव्याजवळ, मी वही घेऊन समोर. लातूरला सिनेमा पाहून आलो की मी कथा लिहून काढायचो आणि मताची जागा मोकळी सोडायचो. एका सिनेमात नायिका गाणं म्हणत आडातून बादली काढते. अक्का म्हणाली, “त्या बादलीत पाणी न्हाई. भरल्या बादलीला बाईची मान अशी सरळ राहती का?” तो रविवार मला आठवतो. एका वकिलानं रस्त्यात थांबवून पाठ थोपटली. संपादक म्हणाले, “मास्तर, नजर हाय तुमच्याकडं. कुठून आणली?”

“वाचन,” मी म्हणालो.

एकच शब्द. तिथं दुसरा शब्दही म्हणता आला असता. तो होता फक्त दोन अक्षरांचा.

अक्काला हे ठाऊक नव्हतं का? होतं की. पेपर दुकानात यायचा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती खुदकन हसली होती. “माझंच की रे हे,” म्हणाली आणि दाजींनाही वाचून दाखवलं. दाजी म्हणाले, “मग मास्तराचा पगार निम्मा तुला पायजे.” तिला राग नव्हता. तिला राग नाही म्हणून ही चोरी नाही, असं मी धरून चाललो. बरीच वर्षं धरून चाललो.

पण मी कबूल करायला बसलो आहे ते हे नाही. हे त्याच्या आधीचं आहे. बघा, पुन्हा मी वळणं घेतो आहे.

तर — दुष्काळावरची एक कादंबरी तेव्हा गाजत होती. लेखक मोठ्या शहरातले, नावाजलेले. लातूरला साहित्याचा मेळावा ठरला होता आणि तेच प्रमुख पाहुणे होते. निमंत्रणपत्रिकेवर ‘आभार’ या शब्दापुढं माझं नाव छापून आलं होतं. छापील पत्रिकेवर नाव येण्याची माझी ती पहिली वेळ. संपादकांनी सांगितलं, मेळाव्याच्या आधीच्या रविवारी याच कादंबरीवर लिहा.

अक्कानं ती दोन दिवसांत वाचली. मग पुस्तक माझ्यापुढं ठेवून म्हणाली, “शिवा, ह्यात खडीवरच्या बाया हसतच न्हाईत.”

मला आधी कळलंच नाही. मग ती बोलली, खूप वेळ बोलली. तवा उतरवून ठेवून बोलली. सगळं झाल्यावर, आयुष्यात पहिल्यांदाच, तिनं काहीतरी मागितलं. “हे लिव्ह. आन् ह्या बारीला खाली माझं नाव टाक. मी तिथं होते म्हणून.”

मी ‘हाव’ म्हणालो. अगदी सहज म्हणालो.

आणि मी काय लिहिलं? मी भ्यालो. पत्रिकेवरचं नाव डोळ्यांपुढं होतं. सातवी शिकलेल्या बाईचं नाव सदराखाली पाहून संपादक काय म्हणतील, पाहुणे काय म्हणतील, आणि मग आधीची मतं कुणाची होती असं कुणी विचारलं तर? मी तिचं म्हणणं सोडून दिलं असतं, तरी ते बरं होतं. मी ते सोडलं नाही. मी ते उलटं केलं. मी लिहिलं, ‘या कादंबरीतील खडीवरच्या स्त्रिया कधीही हसत नाहीत. त्यांचे हे मौन हेच लेखकाचे सर्वांत मोठे यश आहे.’ तिनं दाखवलेली चूक मी घेतली आणि गुण म्हणून लेखकाच्या गळ्यात घातली. खाली नाव माझं.

मेळाव्यात पाहुण्यांनी ते वाक्य व्यासपीठावरून वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. अक्का बायकांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत होती. दाजींनी घेतलेलं नवं लुगडं नेसून आली होती. रविवारचा पेपर तिनं वाचलेलाच होता. तरी आली होती — भाऊ पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या सभेत उभा राहणार म्हणून.

शेवटी मी उभा राहिलो. एकही नाव विसरलो नाही. मांडववाला, माईकवाला, टँकरवाला, रांगोळी काढणाऱ्या मुली, सगळे आले. तिसऱ्या रांगेकडे मात्र पाहिलं नाही.

परतताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. रेणापूर जवळ आलं तेव्हा म्हणाली, “आभार चांगले मानलास. कुणाचं नाव राहिलं न्हाई.”

टोमणा होता का? तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर मी भांडलो असतो आणि भांडणात कदाचित खरं बोललो असतो.

त्या दिवसापासून अक्कानं मत दिलेलं नाही. वाचायची तेवढंच. मी विचारायचो, कसंय? ती म्हणायची, “बरं हाय.” प्रत्येक कादंबरी बरी, प्रत्येक सिनेमा बरा. माझं सदर पुढं अकरा वर्षं चाललं. पहिली दोन वर्षं जुन्या वहीतल्या शिलकीवर निघाली. नंतरच्या लेखांत तुम्हाला ‘हृदयस्पर्शी’ आणि ‘अंतर्मुख करणारे’ असे शब्द फार सापडतील. ते माझे आहेत.

आता अक्का सत्तरीला टेकली आहे. गेल्या महिन्यात तिच्या घरी टीव्हीवर दुष्काळाचा एक सिनेमा लागला होता. उन्हात बायकांची रांग, डोक्यावर पाट्या, मागं सनईसारखं काहीतरी वाजतंय. अक्का एकदम हसली. मी विचारलं, काय झालं? तिनं माझ्याकडे पाहिलं. ओठांवर काहीतरी आलेलं मला दिसलं. मग म्हणाली, “काय न्हाई. बरं हाय.”

त्याच आठवड्यात जुन्या संपादकांचा मुलगा आला. माझ्या निवडक लेखांचं पुस्तक काढायचं म्हणतो. पहिला लेख तोच हवा, पाहुण्यांनी वाचून दाखवलेला. मी म्हटलं, घ्या. एक अक्षरही बदलू नका. मात्र त्याच्या शेजारच्या पानावर मी देईन ते छापा. ते पान म्हणजे हे.

अक्काला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर ती ‘राहू दे रे’ म्हणाली असती आणि मी ते लगेच ऐकलं असतं. मला मी ठाऊक आहे.

त्या कादंबरीबद्दलचं मत खाली देतो. त्या दिवशी वहीत उतरवून घेतलं होतं, तसंच्या तसं. मी सुधारलेलं नाही.

“ह्यात खडीवरच्या बाया हसतच न्हाईत. आम्ही लई हसायचो. मुकादमाला तोंडं वळखू यायची न्हाईत, म्हणून हजेरीला गंगू माझ्या नावाला ‘हाव’ म्हणायची आन् मी तिच्या. मग दिवसभर त्यो मला गंगू म्हणून हाका मारायचा आन् आम्ही पदर तोंडात कोंबून हसायचो. म्हातारी रुक्मा एकदा इतकी हसली की हातातला हातोडा निसटला. उपाशी होतो म्हणून हसायचो. न्हाईतर तिथं दिवस कसा निघाला असता? ज्यानं हे लिवलं त्यो लांबून बघून गेला असंल. लांबून हसणं ऐकू येत न्हाई.”

— महानंदा, रेणापूर. सातवी पास. खडीवर दोन उन्हाळे.