लाठीला विटाळ नाही

"कुस्ती नको. लाठीच दे त्याच्या हातात. अंगाला अंग लागायचं नाही."

वस्ताद हे माझ्यासमोर म्हणाले. सगळ्या जत्रेसमोर. मी लंगोट कसून आलो होतो, एक पाय कुस्तीच्या हौद्यात, एक बाहेर. समोर तालमीच्या अध्यक्षांचा मधला मुलगा अंगाला माती चोळून उभा. मला बघून त्यानं एक पाऊल मागं घेतलं. भ्याला नव्हता. त्याला माझा विटाळ नको होता.

दवंडी त्यांनीच पिटली होती. कोणीही या, आमच्या गड्याशी भिडा. कोणीही म्हणजे महारवाड्यातलाही येईल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आता दवंडी मागं घ्यायची लाज, आणि मला अंगाला लावून घ्यायची किळस. मग ही तोड काढली. लाकडातून विटाळ जात नाही म्हणे!

आणि ती माती कोणाची? मीच कालवलेली. पनवेलच्या त्या तालमीचा हौदा सहा वर्षं मी खणत होतो. ढेकळं फोडायची, ताक, तेल, हळद घालायची, पिठासारखी मऊ करायची आणि पैलवान यायच्या आत बाहेर व्हायचं. खणताना विटाळ नव्हता. बाहेर झालो की ओट्याखाली बसून त्यांची मेहनत बघायचो. नुसत्या नजरेनं पाय ओढून पट काढायला शिकलो, ढाक मारायला शिकलो. घरी येऊन मामाला धरायचो आणि करून बघायचो. मामा पलटणीतून आलेला, तिथं गोऱ्या सोल्जरांशी मुठी बांधून खेळलेला. तो सांगायचा, "ठोसा आला का मागं नको सरू. खाली वाक नि आत घुस." तिसरे कासमचाचा. मोहल्ल्यात ते फरी-गदगा शिकवायचे, एका हातात ढाल आणि एका हातात काठी. त्यांनी मला जात विचारली नाही. "मियाँ, पाय बघ. हात मागाहून." एवढंच.

तिघांचं थोडं थोडं. एकाचंही पुरं नाही. मामा हसायचा, म्हणायचा, "खिचडी झाली रे तुजी!" हसू दे. मला एकच हवं होतं. एकदा, फक्त एकदा, चार लोकांनी बघून म्हणावं की हा पैलवान आहे. तेवढ्यासाठी मी उतरलो होतो.

लाठी घेतली. घ्यायला नको होती. तिथंच पाठ फिरवून जायला हवं होतं. पण पाय हलले नाहीत.

पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा मांडीवर. लोक खूश. तो लाठी चांगली चालवायचा, खोटं कशाला बोलू. तिसरा फटका डोक्यावर आला आणि माझ्या अंगानंच काय ते ठरवलं. कासमचाचांच्या पावलानं बाजूला सरलो, मामानं सांगितलं तसा वाकलो, आत घुसलो आणि पट काढला. लाठी हातातून कधी सुटली कळलं नाही. तो चीत. दोन्ही खांदे मातीला. मी त्याच्या छातीवर.

टाळी नाही. हलगी थांबली.

पंच म्हणाले, "लाठीत हात लावला. बाद."

बाद! अध्यक्षांच्या मुलाला विहिरीवर नेलं आणि घागरीवर घागरी ओतल्या. माझ्याकडं कोणी बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी वस्तादांचा निरोप आला. माती बाटवलीस, तूच उपसून खाडीत टाक, नवी भर. अध्यक्षांच्याच मिठागरात आय आणि मी मिठाच्या पाट्या वाहायचो. आय म्हणाली, "उपस रे पोरा. मिठागर सुटलं तर आमी जायाचं कुठं?"

तिघांची विद्या अंगात होती आणि आयच्या त्या प्रश्नापुढं त्यातली एकही चालेना. मला रडू आलं. रागाचं नाही. नुसतं रडू.

उपसायला लागलो. मी फावडं मारायचो, आय पाटी वाहायची. दुपारपर्यंत गुडघाभर खड्डा झाला. वस्ताद ओट्यावरून म्हणाले, "आणखी खोल काढ. तुझा घाम किती खाली गेला असेल, काय नेम!"

मी थांबलो.

सहा वर्षांचा घाम होता माझा त्या हौद्यात. त्यातच हे रोज लोळले. तीच माती यांनी कपाळाला लावली. तेव्हा कोणी विहिरीवर पळालं नाही. म्हणजे विटाळ झालाच नव्हता. त्यांचा गडी पडला होता. झालं होतं ते एवढंच.

फावडं खाली ठेवलं.

"नाय उपसत."

"काय म्हणालास?"

"नाय उपसत. गडी पडला तुमचा, म्हणून उपसायला लावताय."

आयच्या डोक्यावरची पाटी मी उतरवली. तिनं माझ्या थोबाडीत मारली. तिथंच, त्यांच्यासमोर. मग माझ्यामागून चालू लागली.

आठवड्याच्या आत मिठागर सुटलं. आय म्हातारपणी सरपणाच्या मोळ्या वाहून बाजारात विकत होती. तिनं मला कधी शाबास म्हटलं नाही. कुठल्या तोंडानं मागू?

दोन वर्षांनी वस्तादांचा माणूस दारात. जत्रेत लाठीचा खेळ ठेवलाय, समोर उभा राहायला गडी नाही, तुला बोलावलंय.

मी सांगितलं, "कुस्ती ठेवा. पंचांत एक आमच्या वाड्यातला बसवा. मग येतो."

तो हसत निघून गेला.

अजून बसवलेला नाही. बसवतील असं वाटतही नाही. तरी मी रोज सकाळी पाचशे बैठका मारतो. ज्या दिवशी बसवतील, त्या दिवशी माझा दम कमी पडता कामा नये.